खेळलेल्या स्टिकची साक्ष

फेब्रुवारी २०१३ मध्ये माइक इरुझिओनी या निवृत्त अमेरिकन आइस हॉकीपटूने आपल्याजवळ जपून ठेवलेल्या काही वस्तू लिलावात काढल्या. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन खेळाडूंनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले होते, आणि त्यातला निर्णायक चौथा गोल इरुझिओनीचा होता. त्या सामन्यातल्या जर्सीला साडेसहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली. ज्या स्टिकने तो गोल मारला तिला आले दोन लाख बासष्ट हजार नऊशे. गोल जर्सीने होत नाही, तरी जर्सी अडीचपट महाग ठरली. १९७२ च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत मॉस्कोमध्ये शेवटचा विजयी गोल मारणाऱ्या पॉल हेंडरसनची जर्सी तर २०१० मध्ये दहा लाख डॉलरच्या पार गेली. कारण उघड आहे. जर्सीवर नंबर असतो, रंग असतो, ती चौकटीत घालून भिंतीवर लावता येते. पाच फुटी, टेपचा काळा चिकटा धरलेली, पात्याला चीर गेलेली लाकडी स्टिक दिवाणखान्यात ठेवायची कुठे, इथूनच घरच्यांशी वाद सुरू होतो.

माजी व्यावसायिक खेळाडूंनी सामन्यात वापरलेल्या स्टिक जमवणारे संग्राहक कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बरेच आहेत. त्यांच्याविषयीचे लिखाण बहुधा किमतींभोवती फिरते: कोणाची सही कितीला गेली, कोणाची वाढेल. इथे मांडायचे आहे ते थोडे निराळे. वापरलेली स्टिक हा एक पुरावा आहे, म्हणजे एका कारागिराने काय बनवले आणि एका खेळाडूने त्याचे काय केले याची नोंद. त्या नजरेने पाहिले तर बाजाराने लावलेली उतरंड बऱ्याच अंशी उलटी ठरते. सर्वांत महागड्या नावांच्या स्टिक सर्वांत संशयास्पद असतात. ज्यांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत अशा खेळाडूंच्या, एका हातातून दुसऱ्या हातात कशा गेल्या हे ठाऊक असलेल्या, बिनसहीच्या स्टिक अधिक खऱ्या आणि अधिक सांगणाऱ्या असतात.

आधी वस्तू समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकात नोव्हा स्कोशियातले मिकमॉक लोक हॉर्नबीमच्या लाकडातून, मुळाचा नैसर्गिक बाक धरून, अखंड स्टिक कोरत. डार्टमथच्या स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्या ‘मिक-मॅक’ नावाने दूरवर विकल्या. कोरणाऱ्यांची नावे कुठल्याही स्टिकवर नाहीत, ही या छंदाच्या इतिहासातली पहिली गळती. पुढे दांडा आणि पाते वेगवेगळे करून जोडण्याची पद्धत आली, मग पातळ थर चिकटवून केलेले दांडे आले, त्यावर फायबरग्लासचे वेष्टन चढले. ओंटारिओतले हेस्पेलर, क्वेबेकमधले व्हिक्टोरियाव्हिल आणि शेरब्रूक ही गावे स्टिकसाठी ओळखली जाऊ लागली. मिनेसोटातल्या वॉररोडमध्ये बिली आणि रॉजर ख्रिश्चन या १९६० च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या भावांनी १९६४ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. बिलीचा मुलगा डेव्ह पुढे १९८० च्या त्याच लेक प्लॅसिड संघात होता. १९८० च्या दशकात ॲल्युमिनियमचा दांडा आला, २००० च्या सुमारास ईस्टनची ‘सिनर्जी’ ही एकसंध कंपोझिट स्टिक आली, आणि काही मोसमांत लाकूड जवळजवळ हद्दपार झाले. शेरब्रूकच्या शेर-वुडने २००७ मध्ये लाकडी स्टिक बनवणे थांबवले. हा सगळा क्रम संग्राहकाला फुकट मिळालेले पहिले हत्यार आहे. वेन ग्रेट्झ्की एडमंटनमध्ये असताना लाल-पांढरी टायटन वापरत होता. लॉस एंजेलिसला गेल्यावर काही काळाने त्याने ईस्टनचा ॲल्युमिनियम दांडा धरला, आणि कारकिर्दीच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये हेस्पेलर. एडमंटनच्या विजेतेपदात वापरलेली म्हणून कोणी त्याची चकाकती ॲल्युमिनियम स्टिक पुढे केली, तर सही कितीही सुबक असो, पुढे बोलायचे कारण उरत नाही.

काळ जुळला म्हणजे वापर सिद्ध झाला असे मात्र नाही. खरी अडचण इथून पुढे आहे. व्यावसायिक खेळाडूच्या मापाने बनवलेल्या स्टिकच्या दांड्यावर कारखान्यातच त्याचे नाव उमटवले जाते. अशा स्टिक डझनांनी येतात; काही सामन्यात तुटतात, काही सरावात झिजतात, काही गठ्ठ्यातून बाहेरही पडत नाहीत. खेळाडूची बदली झाली, तो निवृत्त झाला, त्याने कंपनी बदलली की उरलेला माल ‘प्रो स्टॉक’ म्हणून बाजारात येतो. नाव अस्सल, वजन अस्सल, पात्याचा बाक अस्सल, आणि खेळाडूचा हात मात्र कधीच लागलेला नसतो. गल्लीतल्या एखाद्या हौशी पोराने ती स्टिक दोन हिवाळे वापरली की तिच्यावर खऱ्या झिजेच्या खुणाही येतात. म्हणून जाणते संग्राहक नावाकडे शेवटी पाहतात. आधी पाहायचे ते पात्याची टाच बर्फाने कशी घासली आहे, पक म्हणजे खेळातली रबरी चकती लागल्याचे काळे ठसे कुठे दाट आहेत, दांड्यावर दुसऱ्याच्या स्टिकचा रंग कितपत उतरला आहे. मुठीच्या टोकाला संघाचे साहित्य सांभाळणाऱ्याने मार्करने घातलेला नंबर आहे का, आणि मुख्य म्हणजे टेप कशी गुंडाळली आहे, हेही तपासायचे. टेप ही खेळाडूची सवय असते आणि सवयी सहसा बदलत नाहीत. बॉबी ऑर पात्यावर काळ्या टेपची एकच पट्टी लावण्याबद्दल प्रसिद्ध होता. ग्रेट्झ्की टेपवर बेबी पावडर भुरभुरवायचा. झिजेचा हा तपशील खेळाडूच्या शैलीशी जुळला तर काही तरी हाती लागते. जुळला नाही, तर खेळाडूने स्वतः सही केलेली असली तरी ती स्टिक म्हणजे निव्वळ सही करण्याची जागा.

सहीबद्दल इतके कठोर बोलायला कारण आहे. १९९० च्या दशकात एफबीआयने कॅलिफोर्नियात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने बनावट सह्यांची टोळी उघडकीस आणली, तेव्हा बाजारातल्या सहीच्या क्रीडावस्तूंपैकी निम्म्याहून अधिक खोट्या असाव्यात असा तपासणाऱ्यांचा अंदाज होता. बनावटगिरीचे अर्थशास्त्र साधे आहे. खोटी सही करायला कष्ट तेवढेच लागतात, नाव कोणतेही असो. मग शहाणा लबाड सर्वांत महाग नावच निवडणार. तिसऱ्या-चौथ्या फळीत आठ मोसम खेळून गावाकडे परतलेल्या खेळाडूची स्टिक शंभर-दीडशे डॉलरला मिळत असेल, तर ती खोटी बनवण्यात कोणाला काय मिळणार? तिची कमी किंमत हीच तिच्या खरेपणाची एक हमी. संग्राहकांच्या चर्चेत ‘परवडत नाही म्हणून साधे खेळाडू’ असा काहीसा खजील सूर ऐकू येतो. पुराव्याच्या दृष्टीने ही निवड पडती नाही, सरस आहे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे: आता छायाचित्रांशी ताडून पाहण्याचे तंत्र इतके पुढे गेले आहे की महागड्या वस्तूही निःसंशय सिद्ध करता येतात. जर्सीच्या बाबतीत हे खरे आहे. शिवणीतला तिरपेपणा, जाळीच्या कोणत्या भोकावर अक्षराची कड आली आहे, रफू कुठे आहे, या गोष्टी सामन्याच्या फोटोत दिसतात आणि प्रत्येक जर्सीत निराळ्या असतात. बेसबॉलच्या बॅटीलाही आधार आहे. लुइव्हिल स्लगर बनवणाऱ्यांकडे कोणत्या खेळाडूसाठी कोणत्या मापाच्या बॅटी कधी पाठवल्या याच्या जुन्या नोंदी आहेत आणि अभ्यासक त्यांच्यावर काळ ठरवतात. हॉकीच्या स्टिकला यांतले फारसे लाभत नाही. लाकडी स्टिकचे नैसर्गिक रेषाजाल बोटांच्या ठशाइतके वेगळे असते खरे, पण ते रंगाखाली आणि टेपखाली दडलेले, आणि जुन्या कृष्णधवल फोटोत स्टिक बहुधा हलत्या रेघेसारखी उमटलेली. कंपोझिट स्टिक तर एकमेकींच्या जुळ्या बहिणी. टेपच्या कडा आणि दोन-चार ओरखडे एवढाच फरक, आणि टेप खेळाडू सारखी बदलत असतो. आज काही संघ सामन्यानंतर लगेच स्टिकवर होलोग्राम लावून विकतात, त्यामुळे इथून पुढच्या वस्तूंचा प्रश्न बराच सुटेल. लाकडी काळातल्या स्टिकना मात्र ही सोय मागे जाऊन लावता येत नाही, आणि संग्राहकांचा जीव नेमका त्यांच्यातच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. खेळाडू स्वतः सांगतो आहे ना, ‘ही माझी’? मग आणखी काय हवे? माजी खेळाडूंकडून थेट घेणाऱ्यांचा सगळा भर या वाक्यावर असतो, आणि त्यात तथ्यही आहे. इरुझिओनीच्या स्टिकला मोल आले ते याच कारणाने: १९८० पासून २०१३ पर्यंत ती एकाच माणसाकडे होती. पण तिथे साक्ष देते ती खेळाडूच्या आठवणीहून ताब्याची अखंड साखळी. एकदा का स्टिक त्याच्या घरातून निघून तीस वर्षे फिरून परत त्याच्यासमोर आली, की त्याची साक्ष दुबळी होते. कारकिर्दीत शेकडो स्टिक हाताळलेल्या, धर्मादाय कार्यक्रमांत आणि मुलांच्या शिबिरांत त्याहून अधिक सह्या केलेल्या माणसाला एक विशिष्ट दांडा ओळखता येईल ही अपेक्षाच अवास्तव. तो दांड्यावरचे आपले नाव पाहतो, पात्याचा बाक पाहतो, आणि प्रामाणिकपणे म्हणतो, हो, माझीच. त्याने सिद्ध होते एवढेच की ती त्याच्यासाठी बनली होती. त्याच्यापेक्षा भरवशाचा साक्षीदार म्हणजे संघाचे साहित्य सांभाळणारा माणूस. स्टिक मोजणे, नंबर घालणे, तुटलेल्या गोळा करणे, ओळखीच्यांना देणे ही सगळी त्याची कामे. त्याच्या हाताने मुठीवर घातलेला नंबर आणि त्याने कोणाला कधी दिली याची चार ओळींची चिठ्ठी ही पात्यावरच्या ठळक सहीपेक्षा मोलाची. तरी लिलावाच्या पुस्तिकांत सहीचा फोटो मोठा येतो आणि चिठ्ठी तळटीपेत जाते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. नुसत्या मालकीच्या समाधानासाठी असेल तर खरे-खोटे फार महत्त्वाचे नाही. पण स्टिक काही गोष्टी अशा सांगू शकते ज्या दुसरे कोणी सांगू शकत नाही. उदाहरणार्थ, पाते वाकवण्याची सुरुवात कोणी केली? प्रचलित कथा अशी की १९६० च्या दशकाच्या आरंभी शिकागोच्या स्टॅन मिकिटाची स्टिक सरावात मोडून वाकली, त्या वाकड्या पात्याने मारलेला पक विलक्षण वेगाने आणि वेडावाकडा गेला, आणि मग त्याने व बॉबी हलने पाती गरम पाण्यात भिजवून दाराच्या फटीत अडकवून मुद्दाम वाकवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बॅथगेटचे म्हणणे, हे मी त्यांच्या आधीपासून करत होतो. (१ नोव्हेंबर १९५९ रोजी ज्याचा फटका लागून गोलरक्षक जॅक प्लांटचे तोंड फुटले आणि त्याने सामन्यात मुखवटा चढवला, तोच हा बॅथगेट.) बॅथगेट २०१६ मध्ये गेला, मिकिटा २०१८ मध्ये, हल २०२३ मध्ये. आता आठवणींची उलटतपासणी शक्य नाही. काळ निश्चित ठरवता येईल अशा, खरोखर खेळलेल्या, १९५० च्या दशकातल्या रेंजर्सच्या दोन-चार स्टिक एखाद्या तळघरात असतील तर त्या या वादात निकाल देऊ शकतात. त्या बॅथगेटच्याच असायला हव्यात असेही नाही. त्याच्या शेजारी बसून कपडे बदलणाऱ्या, पाते त्याच्याकडून वाकवून घेतलेल्या एखाद्या विसरलेल्या सहकाऱ्याची स्टिक तितकीच बोलकी ठरेल.

नियमांचेही तसेच. केळ्यासारख्या वाकलेल्या पात्यांनी गोलरक्षकांचे हाल होऊ लागले तेव्हा नॅशनल हॉकी लीगने मर्यादा घातली आणि १९७० च्या सुमारास ती अर्ध्या इंचावर आणली. खेळाडू ती किती पाळत, हे ३ जून १९९३ ला जगाने पाहिले. लीगच्या विजेतेपदासाठीच्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीतल्या दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस २-१ ने पुढे होते, दोन मिनिटेही उरली नव्हती, आणि मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक जाक डेमर्सने मार्टी मॅकसॉर्लीची स्टिक मोजायची मागणी केली. बाक बेकायदा निघाला. शिक्षेच्या वेळात एरिक देजार्दांने बरोबरी साधली, जादा वेळात त्यानेच विजयी गोल मारला, आणि मॉन्ट्रियलने पुढे मालिका जिंकली. मॅकसॉर्ली एकटाच दोषी होता असे त्या काळचा कोणीही जाणकार मानत नाही. त्या वीस-बावीस वर्षांतल्या सामान्य खेळाडूंच्या शे-दोनशे स्टिक एकत्र ठेवून त्यांचे बाक मोजले, तर नियम कागदावर किती होता आणि बर्फावर किती, हे कळेल. एका महान खेळाडूची एक स्टिक या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. संख्या लागते, आणि ती साध्या खेळाडूंच्या स्टिकमधूनच उभी राहू शकते.

आणखी एक आक्षेप असा की या वस्तू संग्रहालयात असाव्यात, खासगी कपाटात नव्हे. तत्त्व म्हणून मान्य. विख्यात हॉकीपटू मॉरिस रिशारच्या निधनानंतर त्याच्या संग्रहाचा २००२ मध्ये लिलाव झाला तेव्हा कॅनडा सरकारने सहा लाख डॉलर मोजून त्यातल्या काही वस्तू राष्ट्रीय संग्रहालयासाठी घेतल्या, आणि ते योग्यच झाले. पण संग्रहालये नामवंतांसाठीच पैसे मोजतात; चौथ्या फळीतल्या खेळाडूसाठी त्यांच्याकडे ना जागा असते ना तरतूद. खासगी संग्राहकाने सांभाळलेली वस्तू पुढे सार्वजनिक झाल्याचे सर्वांत चांगले उदाहरण केप ब्रेटनच्या ‘मॉफॅट स्टिक’चे. नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनी गावात ती एका न्हाव्याच्या दुकानात पडून होती. एका हौशी माणसाने ती हजार डॉलरला घेतली आणि वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा केला: लाकडाची वर्तुळे माउंट ॲलिसन विद्यापीठात तपासून घेतली, मूळ कुटुंबाचा इतिहास धुंडाळला, कोरलेल्या ‘डब्ल्यू. एम.’ या आद्याक्षरांचा माग काढला. स्टिक १८३० च्या दशकातली ठरली. २०१५ मध्ये गॅटिनोच्या कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरीने ती तीन लाख डॉलरला विकत घेतली. सही नाही, व्यावसायिक खेळाडू नाही, विक्रम नाही. सगळी किंमत कसून केलेल्या संशोधनाची.

याच्या उलट टोकाला खेळाडूंच्या संग्राह्य कार्डांचा धंदा आहे. २००३ मध्ये डॉनरस या कंपनीने बेसबॉलपटू बेब रूथची एक जर्सी सुमारे अडीच लाख डॉलरला विकत घेतली ती कापून तिचे तुकडे कार्डांत चिकटवण्यासाठी. हॉकीच्या कार्डांतही स्टिकच्या चकत्या येतात. ‘त्यामुळे सामान्य चाहत्यालाही इतिहासाचा अंश मिळतो’ असे समर्थन केले जाते. नखाएवढ्या चकतीवर टाच दिसत नाही, टेप दिसत नाही, बाक मोजता येत नाही. पुराव्याचे जे काही होते ते करवतीखाली गेले. हा छंदाचा विस्तार म्हणता येणार नाही. ही नासधूस आहे.

पैशाचा प्रश्न टाळून हा आढावा पुरा होणार नाही. म्हाताऱ्या खेळाडूंकडून वस्तू विकत घेणे म्हणजे त्यांच्या गरजेचा फायदा घेणे, असे काहींना वाटते. ही शंका हवेतली नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते त्या काळातले बरेच खेळाडू उन्हाळ्यात दुसऱ्या नोकऱ्या करत. पेन्शन निधीतल्या शिलकीवरून बॅथगेट, कार्ल ब्रूवर, गॉर्डी हाऊ, बॉबी हल आदींना लीगच्या पेन्शन सोसायटीविरुद्ध कोर्टात जावे लागले. १९९२ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. पण विक्री हा खेळाडूचा अपमान नसतो. जाँ बेलिव्हो या अत्यंत सन्मान्य खेळाडूने २००५ मध्ये आपला संग्रह स्वतःहून लिलावात काढला. मार्सेल डिओनने निवृत्तीनंतर क्रीडावस्तूंचाच व्यवसाय केला. भाव ठरवताना खेळाडूला बाजारभाव ठाऊक असावा, इतके पथ्य पाळले की पुरे. खरा तोटा वेगळा आहे. खरेदीदार वस्तू घेतो, सही घेतो, फोटो काढतो आणि निघतो; स्टिक कोणत्या मोसमातली, पाते कोणी तासले, टेप अशी का, हे विचारतच नाही. तेवढ्या दहा मिनिटांत जे मिळाले असते ते नंतर कोणतीही तपासणी देऊ शकत नाही.

आपल्याकडे मैदानी हॉकीचे याहून वाईट आहे. ध्यानचंदच्या स्टिकमध्ये चुंबक आहे का हे पाहण्यासाठी ती परदेशात फोडली, ही दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्या जोडीला दाखवायला फोडलेली स्टिक मात्र कुठे नाही. पुण्यात २०१२ पासून ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचे संग्रहालय आहे, आणि नामवंतांच्या सह्यांच्या बॅटी हे त्याचे आकर्षण आहे. त्याच पुण्यातल्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, धनराज पिल्ले तुटक्या, बांधलेल्या स्टिकवर हॉकी शिकला. त्या मैदानांवरच्या इतर खेळाडूंच्या स्टिक एकत्र ठेवलेला संग्रह ऐकिवात नाही. खडकीत असोत की टोरांटोत, ज्यांच्या घरी अशी जुनी स्टिक असेल त्यांना एवढेच सांगणे: तिला पॉलिश करू नका, टेप काढू नका, कोणाची सही घेऊ नका. ती कोणाची, कधीची आणि तुमच्याकडे कशी आली हे आज एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि कागद स्टिकबरोबर ठेवा.